हौशीरामच्या खाजेचा आकडा

पडदा वर जातो तेव्हा मंचावर सकाळ आहे. मागे विसापूरचा डोंगर, पुढे मळवलीतल्या एका बंगल्याचं परसदार. डावीकडे सिमेंटची पाण्याची टाकी, उजवीकडे पंपाची खोली, मधे दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. टाकीच्या आडोशाला एक माणूस उघड्या अंगानं, प्रेक्षकांकडे पाठ करून बसला आहे आणि कोपराला खोबरेल चोळतो आहे. व्हरांड्यातल्या खुर्चीत एक म्हातारा पेपर वाचण्याचा अभिनय करतो आहे.

टाकीमागचा माणूस म्हणजे हौशीराम. ही गोष्ट त्याची आहे. खुर्चीतला म्हातारा मी. मला या गोष्टीत दुय्यम भूमिका आहे, आणि ती मी नेहमीप्रमाणे मुख्य समजून केली.

माझं आधीच उरकून घेतो. एकेचाळीस वर्षं मी रंगभूमीवर होतो. या काळात नायकाचं काम मला दोनदा मिळालं, दोन्ही वेळा नायकाला ताप आला म्हणून. एरवी मी सेनापती, किल्लेदार किंवा नायिकेचा तापट मामा. माझी खासियत मरण्यात होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी छातीवर हात ठेवून, सहा पावलं मागे जाऊन मी पडायचो. तीन हजार वेळा तरी मेलो असेन. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते खरंच जमण्यासारखं वय झाल्यावर, माझ्या भाचीनं, अनघानं, मला तिच्या या बंगल्यात आणून ठेवलं आहे. ती पुण्यात असते. बंगल्यावर लक्ष ठेवायला मी आणि माझ्यावर लक्ष ठेवायला हौशीराम, अशी व्यवस्था आहे. यातली दुसरी नेमणूक मला बरीच उशिरा कळली.

हौशीराम सत्तावन्न वर्षांचा. त्याचं गाव बंगल्यापासून मैलभर आत, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं त्याची थोडी भातखाचरं आहेत. बंगल्याचा पाया खोदत होते तेव्हा तो दगड वाहायला आला होता, तो इथलाच झाला; नवराबायको परसातल्या खोलीत राहतात. पंप बिघडला की तो पंपाला कान लावतो, वैद्यानं छाती ऐकावी तसा, आणि मग एकच नट फिरवतो. शनिवार-रविवारी बंगला पाहुण्यांना भाड्यानं जातो. त्यांचा स्वयंपाक हौशीरामची बायको रतन करते. हौशीराम मात्र पाहुण्यांना दिसत नाही. वळणावर त्यांच्या गाड्या दिसल्या की तो पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून पंपाच्या खोलीत जाऊन बसतो. त्याला असं करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "बेअरिंग आवाज करतंय, आबा." बेअरिंग सलग दोन वर्षं फक्त शनिवार-रविवारी आवाज करत होतं.

त्याला दहा वर्षांपासून सोरायसिस होता. कोपर, गुडघे, कानांची मागची बाजू आणि जवळजवळ सगळी पाठ. लाल चट्टे आणि त्यावर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे. मलमं झाली, काढे झाले, कडुनिंबाच्या पाल्याच्या अंघोळी झाल्या. कुणीतरी दिलेल्या गोळ्यांनी काविळीसारखे डोळे पिवळे झाले, तेव्हा त्याही बंद झाल्या.

आता त्याच्या खऱ्या दुखण्याबद्दल सांगतो, कारण ते चामडीवर नव्हतं. या भागात भाताची लावणी अजून पुष्कळ ठिकाणी इर्जिक करून होते. म्हणजे आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. दहाबारा माणसं एका रांगेत, गुडघाभर चिखलात, वाकून रोपं खोवत मागं मागं सरकतात. हौशीराम या रांगेचा म्होरक्या होता. त्याच्या हाताला लय होती, त्याच्या चालीनं रांग चालायची. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शिदूच्या खाचरात तो उतरायला लागला, तर शिदू म्हणाला, "भाऊ, आज तुमी मुठी वाहा." मुठी म्हणजे रोपांच्या जुड्या. त्या रोपवाटिकेतून आणून बांधावरून रांगेकडे फेकायच्या. ते पोराटोरांचं काम. हौशीरामनं विजारीचा वर खोचलेला पाय खाली सोडला आणि मुठी वाहिल्या. पुढच्या वर्षी त्याला कुणी सांगायच्या आधीच तो बांधावर जाऊन उभा राहिला.

हे मला रतननं सांगितलं. हौशीरामला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "बरं हाय."

हे "बरं हाय" नीट समजून घ्यायला हवं. नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. त्याच्या गावात कुणी प्रकृती विचारली की हे एकच उत्तर. समोरच्यानं मायेनं विचारलं, त्याच्या हातात आपलं दुखणं ठेवायचं म्हणजे पाहुण्याला न विसळलेला तांब्या देण्यासारखं. हौशीरामच्या पायावर एकदा टाकीचं झाकण पडलं. अंगठ्याचं नख उभं राहिलं होतं. मी धावत गेलो, म्हणजे मला धावणं वाटेल अशा गतीनं गेलो, आणि विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "बरं हाय आबा. झाकण जरा तडकलंय." त्याची आई धोंडाबाई गेली त्या दिवशी सकाळी तिनंही सुनेला हेच सांगितलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत मी गुडघे दाखवायला तळेगावच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. तिथं भिंतीवर एक कागद होता. सोरायसिससाठी पोटातून घ्यायच्या एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, भाग घ्यायचा असेल तर भेटा. मला त्या क्षणी माझी भूमिका दिसली. तारणहार. ही मी कधीच केली नव्हती, कायम पडताना दिसणाऱ्या माणसाला ती कुणी देत नाही.

हौशीराम यायला तयार नव्हता. रतन म्हणाली, "जा. मी बी येते." मग तो तयार झाला.

डॉक्टर प्रतीक्षा तिशीची, बारीक, घाई न करणारी. तिनं आधी त्याचा शर्ट काढायला लावला आणि त्याच्याच तळहातानं त्याचे चट्टे मोजले. माणसाचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग, असं ती म्हणाली. हौशीरामचे बारा तळहात भरले. मग तिनं एक कॅप्सूल दाखवली. तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक.

"काका, यात जिवाणू आहेत," ती म्हणाली. "मेलेले. माणसाच्या आतड्यात सापडणारेच. कॅप्सूलवर असं आवरण आहे की ती जठरात विरघळत नाही, पुढं लहान आतड्यात जाऊन उघडते."

हौशीराम कॅप्सूलकडे बघत राहिला. "म्याडम, रोग अंगावर. अन् औशिद आतड्यात?"

"बरोबर विचारलंत. तुमची कातडी लाल होते ती शरीराचे पहारेकरी उगाच चवताळतात म्हणून. हे पहारेकरी सगळ्यात जास्त असतात आतड्याच्या भिंतीशी. आमचा अंदाज असा, की तिथं त्यांना शांत केलं तर तो निरोप कातडीपर्यंत पोचतो. औषध स्वतः रक्तात जात नाही. आल्या वाटेनं निघून जातं."

मी इथं समजावून सांगायला पुढं झालो. म्हणालो, "हौशीराम, समज की एक दूत राजधानीत—"

"कळलं आबा," हौशीराम म्हणाला. "वेशीवरच्या माणसाला सांगितलं की गावात सांगत हिंडावं लागत न्हाई."

डॉक्टर म्हणाली, हे मी माझ्या पुढच्या पेशंटला सांगणार. माझा दूत वाटेतच मेला.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. अर्ध्या लोकांना खरी कॅप्सूल मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ औषधाची, म्हणजे जिवाणू नसलेली. कुणाला कोणती, हे पेशंटला माहीत नसेल आणि तिलाही नसेल. सगळा अभ्यास संपल्यावरच ते उघडेल. औषध लागू पडतंच असंही अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून तर हा खटाटोप. हौशीरामनं मान डोलावली. मला हे फार आवडलं. एकेचाळीस वर्षं लाकडी तलवारीनं लढलो, पण समोरच्याची तलवार लाकडी आहे की पोलादी हे मला नेहमी माहीत असायचं.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "खाज. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. गेल्या आठवड्यात तुमची खाज किती होती?"

"दोन," हौशीराम म्हणाला.

रतननं त्याच्याकडे बघितलं. त्याच वेळी त्याचा उजवा हात पाठीमागं गेला होता आणि खुर्चीच्या पाठीवर तो खांदे घासत होता. खुर्ची करकरत होती.

"काका, नीट आठवा."

"दोन म्याडम. बरं हाय तसं."

तिनं पेन खाली ठेवलं. अभ्यासात येण्यासाठी खाज किमान चार लागते, असा नियम होता. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात अजून एकदा या, पुन्हा विचारीन. तेव्हाही दोनच असेल तर मला तुम्हाला घेता येणार नाही.

या गंभीर प्रसंगी मी काय केलं तेही लिहितो. म्हटलं, डॉक्टर, माझ्याही कोपराला फार त्रास आहे, माझा आकडा दहा धरा. तिनं माझी बाही वर केली, कोपर उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाली, "आजोबा, अंघोळीनंतर थोडं खोबरेल लावत जा."

परतीच्या रिक्षात मी मनाशी ठरवलं. हौशीरामला आकडा सांगता येत नसेल तर मी शिकवीन. खोटं बोलायचं नव्हतं. खरं होतं तेच बोलायचं होतं, फक्त ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवशीपासून टाकीमागं तालीम सुरू झाली.

"म्हण, माझी खाज सात आहे."

"सात कसं म्हणू आबा? सात लय हुतंय."

"मग दहा म्हणजे किती?"

त्यानं विचार केला. "धा म्हंजे मानूस गेला."

"आणि नऊ?"

"नऊ म्हंजे घरच्यांला कळवलं."

या मापात जिवंत माणसाला पाचाच्या वर सरकायला जागाच नव्हती. मी पद्धत बदलली. म्हटलं, आकडा नको, आधी भावना. मला एक जुनी गोष्ट आठवली, तीही त्याला सांगितली. आमच्या काळात दाढी गोंदासारख्या एका चिकट पदार्थानं हनुवटीवर डकवायचे. उन्हाळ्यातल्या प्रयोगाला ती अशी चावायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि समोर हजार माणसं, खाजवायची सोय नाही.

हौशीरामनं प्रथमच तालमीत रस घेतला. "मंग काय करायचा तुमी?"

"तलवार उपसायचो."

"अन् तलवारीचा परसंग नसला तर?"

"तरी उपसायचो. नायक बिचारा दचकायचा. वर्तमानपत्रात एकदा छापूनही आलं, यांच्या अभिनयात एक अस्वस्थ धग आहे."

तो हसला. मला तो दिवस यशस्वी वाटला. मग मी स्वतः करून दाखवायला उठलो. दोन्ही हात पाठीमागं नेले, मान मागे टाकली आणि टाकीच्या कोपऱ्यावर पाठ घासत, प्रत्येक शब्दावर वजन देत म्हणालो, "हा दाह मला जगू देत नाही, डॉक्टरीणबाई. रात्र वैरीण झाली आहे." चादरी काढायला आलेली रतन मधेच थांबली.

"आबांना मुंगळे चावले का ओ?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"न्हाई. मला शिकवत्यात."

"मंग तुमाला चावू द्या," ती म्हणाली आणि चादरी घेऊन गेली. त्यातल्या दोन चादरी हौशीरामच्या अंथरुणाच्या होत्या. ती त्या रोज धुते हे मला माहीत होतं. का धुते, हे मी तोवर विचारलं नव्हतं. पापुद्र्यांबरोबर रक्ताचे ठिपके असायचे.

दुसऱ्या भेटीला हौशीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. डॉक्टरनं प्रश्न विचारला. हौशीराम उठून उभा राहिला. मी त्याला उभं राहायला सांगितलं होतं, उभ्या माणसाचा आवाज पोटातून येतो. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले, आणि शाळेतली कविता म्हणावी तसं, एका श्वासात म्हणाला, "हा दाह मला जगू देत न्हाई डाक्टरीनबाई रात वैरीण झालीया सात."

मी ओठांनी "विराम घे, विराम घे" असं सांगत होतो, ते डॉक्टरनं पाहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

माझ्या उभ्या कारकिर्दीत मला प्रेक्षकांनी हाकललेलं आहे, नाटक कंपनीच्या चालकांनी हाकललेलं आहे, एकदा नागपूरला बैलानं हाकललेलं आहे. डॉक्टरनं पहिल्यांदाच हाकललं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार पुरतं लागलं नव्हतं आणि माझे कान अजून विंगेतल्या माणसाचे आहेत.

"काका, शिकवलेला आकडा मला चालणार नाही," ती आत म्हणत होती. "उद्या या अभ्यासावर विश्वास ठेवून लोक औषध घेतील. खरा आकडा सांगा."

"दोन," हौशीराम म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "खरं सांगतो, म्याडम. सोसतंय."

"सोसतं का ते नाही विचारलं. किती आहे ते विचारलं."

आत पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. पुढच्या लावणीला तो मुठी घेऊन बांधावर, आणि याला कारण मी. दोनाचे चार त्यानं कदाचित स्वतःच केले असते. मी त्यातून नाटक केलं.

मग रतनचा आवाज आला. "म्याडम, ह्यांला ह्यांचं इचारू नका. बैलाचं इचारा."

"बैलाचं?"

"आमचा लाख्या व्हता. त्यानं जरा चारा कमी खाल्ला तरी हे डाक्टरास्नी बोलवून आणायचे. बैलाचं दुखणं ह्यांनी कवाच कमी सांगितलं न्हाई."

डॉक्टरनं विचारलं, "काका, समजा तुमच्या बैलाला अशी खाज आहे. तुम्हाला आहे तशीच, तितकीच. तर किती म्हणाल?"

"लाख्याला?" खुर्ची करकरली. या खेपेला हौशीराम लगेच बोलायला लागला, आणि असा बोलला की मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "लाख्याला असं असतं तर मी त्याला औताला जुपला नसता. आठ. सकाळच्याला तर नऊच. घाम आला की टाके घातल्यागत चावतंय. अंग घासून घासून रगत काढलं असतं त्यानं. निजला नसता. वैरण टाकली तरी तोंड लावलं नसतं. मुकं जनावर, सांगनार कुनाला?"

डॉक्टर जपून म्हणाली, "काका, मला आकडा तुमचा लिहायचाय. लाख्याचा नाही."

"माजाच हाय," हौशीराम म्हणाला. "लाख्या इकला त्याला दोन वर्सं झाली."

बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, आजोबा, फार दुखतंय का? मी म्हणालो, बरं आहे.

मार्चच्या मध्यावर कॅप्सूल सुरू झाली. सोळा आठवडे, रोज सकाळी उपाशीपोटी, चावायची नाही, फोडायची नाही, नुसत्या पाण्याबरोबर. हौशीरामनं बाटली देव्हाऱ्यात ठेवली. रोज आकडा लिहायला एक वही मिळाली होती. तिच्यात तो दर सकाळी लाख्याला काय झालं असतं याचा विचार करून मगच आकडा लिहायचा. डॉक्टरला हे माहीत होतं. ती म्हणाली, पद्धत कोणतीही असू दे, सोळाही आठवडे तीच ठेवा.

मी मात्र सुधारलो नव्हतो. तिसऱ्या दिवसापासून मी वाचायचा चष्मा लावून त्याच्या कोपराची पाहणी करत होतो. दुसऱ्या आठवड्यात मी जाहीर केलं की याला खरीच कॅप्सूल मिळाली आहे. चौथ्या आठवड्यात चट्टे तसेच दिसले तेव्हा जाहीर केलं की पोकळच मिळाली आहे. सहाव्यात पुन्हा खरी. स्टेशनजवळच्या चहावाल्यानं मला विचारलं, "आबा, आज कोणती?" त्याला ते लागलेल्या नाटकाची पाटी वाचल्यासारखं झालं होतं.

आणि हौशीरामला विचारावं तर "बरं हाय." गुण येत होता तरी बरं हाय, येत नव्हता तरी बरं हाय. खरं काय ते वहीत असायचं, आणि वही तो मला दाखवत नसे. एकदा तो पंपाशी असताना मी देव्हाऱ्यापर्यंत गेलो होतो. रतन तिथं वाती वळत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "देवाला नमस्कार करायचाय का, आबा?" मी केला. दोनदा केला.

मेमध्ये मात्र माझ्यासारख्यालाही दिसायला लागलं. पापुद्रे विरळ झाले. कोपर लाल होतं ते गुलाबी झालं. रतननं चादरी एक दिवसाआड धुवायला घेतल्या. जुलैच्या सुरुवातीला शेवटच्या तपासणीला डॉक्टरनं पुन्हा तळहातानं मोजलं. बाराचे चार झाले होते. मी म्हणालो, म्हणजे खरी होती. ती म्हणाली, "मला माहीत नाही, आजोबा. काहींना पोकळ कॅप्सूलनंही उतार पडतो. उघडेल तेव्हा कळेल." हौशीरामनं विचारलं, पुन्हा वाढेल का? ती म्हणाली, वाढू शकतं, वाढलं तर लगेच या. आणि या रोगाची कुणालाही लागण होत नाही, कधीच होत नव्हती, हे घरी-दारी सगळ्यांना सांगा.

हे शेवटचं वाक्य मी माझ्यासाठीच होतं असं समजलो.

आठवड्याभरानं शिदूच्या खाचरात लावणी होती. मी छत्री घेऊन हौशीराम आणि रतनच्या मागून बांधावर पोचलो. खाचरात दहा माणसं वाकलेली. रतन उतरून रांगेत गेली. हौशीराम मुठींच्या ढिगाशी थांबला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आला होता, एवढंच. त्यानं एक मूठ उचलली, पुन्हा ठेवली. पाय चिखलाकडे, तोंड ढिगाकडे.

मी ठरवलं की आता माझा प्रवेश. छत्री मिटली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "ग्रामस्थहो, ज्या व्याधीला तुम्ही संसर्गजन्य समजलात—" एकही माणूस सरळ झाला नाही. रोपं खोवली जात होती. मी आवाज चढवला. आतड्यातले पहारेकरी आणले, वेस आणली, चवताळणं आणलं. एक पाऊल पुढं टाकलं तशी माझी डावी चप्पल चिखलात गेली आणि तिथंच राहिली. मी एका पायावर उभा राहून भाषण चालू ठेवलं.

"आबा, बास," हौशीराम म्हणाला. केवळ मला गप्प करायला त्यानं विजार गुडघ्यावर खोचली आणि तो चिखलात उतरला. माझी चप्पल काढून बांधावर ठेवली. मग परत वर आला नाही. रांगेत रतन आणि शिदू यांच्यामधे हातभर जागा होती, तिथं जाऊन वाकला.

मी गप्प झालो. शिदूचा पाय पाहत होतो. चिखलात तो पाय एकदा हलला, आणि मग होता तिथंच राहिला.

चारपाच ओळी झाल्या. रांग हौशीरामच्या हाताशी जुळायला लागली. मग शिदू खाली बघतच म्हणाला, "दोन वर्सं बांधावर बसला, भाऊ."

"तूच म्हनालास, मुठी वाहा."

"एक दिस म्हनलं व्हतं. तुमच्या पायातनं रगत येत व्हतं, म्हून म्हनलं. दुसऱ्या वर्साला तुमीच वरती जाऊन उभं राह्यला." शिदूनं एक रोप खोवलं. "मला बी भ्याव वाटलं, न्हाई म्हनत न्हाई. पोरंबाळं हायती. पन इचारलं की तुमचं बरं हाय. आमी काय समजायचं?"

हौशीरामचा हात थांबला. सगळ्या रांगेचा थांबला.

"मंग आता इचारतो," शिदू म्हणाला. "कसं हाय?"

रतननं मान वर केली. मीही श्वास रोखला, कारण या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं.

हौशीरामनं दोन्ही हात चिखलातून काढले, त्यांच्याकडे बघितलं आणि वाकल्या वाकल्याच पाठ शिदूकडे वळवली.

"तीन हाय. पर दोन खांद्यांच्या मधी चार हाय, तितं माजा हात पोचत न्हाई. तुजा पोचतोय का बघ."